सुरी ऐकेना

१

आईची सुरी कुणीतरी चोरली, असं आई म्हणत होती. आईची सुरी आईच्याच हातात आहे, असं बाकी सगळे म्हणत होते. यातलं एकच काहीतरी खरं असणार, आणि घरातली बहुतेक मतं आईच्या विरुद्ध पडली होती. म्हणून त्या संध्याकाळी तिला डॉक्टरांकडे न्यायचं ठरलं होतं. दातांच्या नव्हे, पोटाच्याही नव्हे. डोक्याच्या.

दादाचा फोन आला तेव्हा मी ऑफिसात होते. "आईचं काही खरं नाही, तू ये," एवढंच तो म्हणाला. हातातलं काम तसंच टाकून मी निघाले आणि वाटेत आत्याला उचललं. उचललं म्हणजे काय, ती चपला घालून दारात उभीच होती.

आत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण. तिचा जन्म विमा कंपनीत गेला, लोकांचे खोटे दावे उकरून काढण्यात. जळालेली गोदामं कुणी जाळली आणि हरवलेले हार कुठल्या कपाटात सापडले, हे ऐकत आम्ही लहानाचे मोठे झालो. निवृत्त झाली तरी तिची नजर निवृत्त झाली नाही. लग्नाला गेली तरी ती आहेर आणि चेहरे ताडून बघते.

"तुझ्या आईचं आणि माझं कधी पटलं नाही," ती गाडीत म्हणाली. "हट्टी आहे, भांडखोर आहे. पण भ्रम? माझ्याशी झालेलं एकही भांडण ती आजवर विसरलेली नाही. अशा बाईला भ्रम होत नाही."

मला मात्र गाडी सिग्नलला थांबली की मी दार उघडून पळत सुटेन असं वाटत होतं.

आमचं घर वर आणि खानावळ खाली. बाबांनी सुरू केलेली. आता गल्ल्यावर दादा बसतो, चुलीशी वहिनी असते, बाजारहाट मामा बघतो. मामा म्हणजे आईचा धाकटा भाऊ. केस पांढरे झाले तरी आईसाठी तो बाळ्याच. आणि खिडकीखालचं कापायचं टेबल आईचं. तिथं दुसऱ्या कुणी उभं राहिलेलं तिला खपत नाही.

आम्ही पोचलो तेव्हा ती तिथंच होती. डाव्या हातात सुरी, उजव्या हाताखाली काकडी. सुरी चकचकीत होती, आरशासारखी. मला आठवत होती ती सुरी काळपट होती, मुठीपाशी गंजलेली, बाबांच्याही आधीच्या काळातली.

"बघ," आईनं मला ना ये म्हटलं ना बस. तिनं एक काप उचलून माझ्या तळहातावर ठेवला. वरून जाड, खाली पातळ. "आणि हा बघ. आणि हा. मी सरळ जाते, ही बाजूला पळते. माझं ऐकतच नाही. माझी सुरी असं करणार नाही. कुणीतरी बदलून ठेवल्येय."

चुलीपाशी वहिनीनं उलथनं आपटलं. परवा आईनं भर गिऱ्हाइकांसमोर तिच्यावरच चोरीचा आळ घेतला होता, हे मला दादानं फोनवर सांगितलं होतं.

आईनं सुरी खाली ठेवली, हात पुसले आणि माझ्या अगदी जवळ येऊन, कुणाला ऐकू जाणार नाही असं विचारलं, "का मीच बिघडल्येय गं?"

२

आत्यानं कामाला सुरुवात केली, म्हणजे ती दुकानभर फिरू लागली. तिला बसून प्रश्न विचारता येत नाहीत. समोरच्याचं काम चालू असताना ती मध्येमध्ये लुडबुडते, आणि वैतागलेला माणूस खरं बोलतो असं तिचं म्हणणं आहे.

दादा गल्ल्यावर चिल्लर लावत होता.

"आत्या, तू आलीस बरं झालं. तिला तूच समजाव," तो म्हणाला. "सुरी तीच आहे. बाबा गेल्यापासून तिला धार नव्हती, गंज चढला होता. मामा म्हणाला, बाजाराजवळ एक जण जुन्या सुऱ्या नव्या करून देतो. आई कशीबशी तयार झाली. मामा देऊन आला, आमची ही घेऊन आली. मध्ये चोर आला कुठून?"

"तू हात लावलास त्या सुरीला?"

"पहिल्याच दिवशी. चहात पिळायला लिंबू कापलं आणि सिंकमध्ये टाकली. संध्याकाळी बघतो तर पात्यावर नारिंगी ठिपके! म्हटलं, वा रे कारागीर. नुसतं पॉलिश मारून दिलंन."

"आई वेडी ठरली तर तुझं काय?"

चिल्लर थांबली. "वेडी कोण म्हणतंय? तिला विश्रांती हवी. पलीकडचा औषधवाला ही जागा भाड्यानं मागतोय, आणि मी देणार आहे. चोरून नाही, तोंडावर सांगतोय. सही तिची लागते आणि ती करत नाही, हेही सांगतो. सुरीवरून रान उठवल्यापासून ती रोज काहीतरी विसरते. काल मीठ दोनदा घातलंन. उद्या गॅस उघडा ठेवला तर?"

तो रागावला नव्हता, घाबरला होता. त्याचा राग यावा असं मला वाटत होतं आणि येत नव्हता, यानं मी आणखीच अस्वस्थ झाले.

वहिनी कढईपाशी होती. तिनं आत्याकडे बघितलंही नाही.

"मी चोर आहे ना? मग चोराला काय विचारायचं?"

"चोरालाच विचारतात," आत्या म्हणाली. "तू ती सुरी वापरतेस?"

"आधी कधी हात लावला नाही. आईंची सुरी म्हणजे देवाची मूर्ती, लांबून नमस्कार." मग ती फणकाऱ्यानं म्हणाली, "आता मात्र झकास चालते. आधी काकडी कापायला घेतली की पातं भलतीकडेच जायचं."

"कधी हात लावला नव्हतास ना?"

वहिनीचे कान लाल झाले. "एकदा. त्या वर झोपलेल्या असताना. आता घाला फासावर."

मामा मागच्या दारात कांद्याची पोती उतरवून घेत होता. आम्हाला बघून त्यानं मला नेहमीसारखी टपली मारली, पण हसू ओठापर्यंतच आलं.

"सुरीतलं मला काय कळतं?" तो आत्याला म्हणाला. "नेऊन टाकली, संपलं. पुढं काय झालं, त्या धारवाल्याला माहीत. ताईला आराम द्या म्हणावं. पाय सुजतात तिचे. तिनं इतकी वर्षं उभं राहून काय मिळवलं?" त्याचा आवाज चिरकला आणि तो पोती मोजायला वळला.

"सगळे तिच्या आरामासाठी झुरतायत," आत्या मला बाहेर ओढत म्हणाली. "तिला एकटीलाच तो नकोय. चल, धारवाल्याकडे. सुरी घे."

मी टेबलाशी गेले. आई जागेवर नव्हती. वरच्या खोलीतून तिचा आवाज येत होता, एकटीच पुटपुटत असल्यासारखा, आणि मला जिना चढायचा धीर झाला नाही.

३

धारवाल्याचं दुकान म्हणजे भिंतींवर सुऱ्याच सुऱ्या आणि मधोमध एक बडबड्या माणूस. पूर्वी कुठल्याशा कंपनीत मोठ्या हुद्द्यावर होता म्हणे, ती नोकरी सोडून दगडाशी संसार मांडलेला. आपली सुरी ओळखीची वाटते का, एवढं विचारायचा अवकाश, तो सुरू झाला.

"ही? हिला कसा विसरेन! जुनं कार्बन पोलाद. हल्लीच्या स्टेनलेससारखं थंड नाही, हे पोलाद जिवंत असतं. तुम्ही कापाल त्याचा रंग अंगावर घेतं. आली तेव्हा काय अवस्था होती! मुठीपाशी गंज, पात्यावर काळा थर. गंज तेल लावून घासला, काळा थर उतरवला, मग बारीक दगड, मग त्याहून बारीक. धार तर पार एका अंगाला गेलेली, तीही विचारून सरळ केली. मूठ मात्र जुनीच ठेवली."

"म्हणजे आमच्याकडून आली ती हीच?" आत्या म्हणाली. "शपथेवर?"

"शपथ कशाला, पुरावा घ्या." त्यानं मोबाइल काढला. काम सुरू करण्याआधीचे फोटो तो ठेवतो, लोकांना आधीचं आणि नंतरचं दाखवून दिपवायला. पडद्यावर आईची काळी सुरी होती. मुठीतल्या तीन खिळ्यांपैकी मधला जरा तिरका. टाचेपाशी गंजानं खाल्लेला मसुराएवढा खड्डा. पात्यावरचा छाप अर्धा पुसलेला.

माझ्या हातातल्या सुरीचा मधला खिळा तिरका होता. टाचेपाशी मसुराएवढा खड्डा होता. छापाचा उरलेला अर्धा भाग तोच होता.

मी दोनदा बघितलं. तिसऱ्यांदा बघायची हिंमत झाली नाही. चोर नव्हता, बदलाबदल नव्हती. सुरी आईचीच होती, आणि आईनं ती ओळखली नव्हती.

४

परतताना मी रस्त्यानं काय बोलत होते मला आठवत नाही. बहुतेक डॉक्टरांचं. चांगला डॉक्टर कोण, मी रजा कशी काढू, आईला माझ्याकडे नेलं तर ती राहील का. डोळ्यांतून पाणी येत होतं आणि मी भराभर चालत होते. मागं वळून बघितलं तर आत्या नव्हती.

ती चौकात, भर उन्हात, एका चपलांच्या दुकानासमोर उभी होती.

"माझा भाऊ," ती म्हणाली, "तुझा बाबा. मागच्या पायरीवर बसून ही सुरी घासायचा, आठवतंय?"

"हो. रविवारी."

"मी त्याला हसायची. म्हणायची, अरे, दोन्ही बाजू घास की, एकच काय खरवडतोयस. तो नुसता मान हलवायचा. घुमा मेला." आत्यानं नाक ओढलं. "आणि हा शहाणा म्हणतो, धार एका अंगाला गेलेली. गेलेली नव्हती, नेलेली होती. तुझी आई कुठल्या हातानं कापते?"

"डाव्या," मी म्हणाले. हे काय विचारायचं झालं? आई डावखुरी आहे हे गल्लीतल्या मांजरालाही माहीत आहे. आम्हाला ते इतकं माहीत होतं की कुणाच्या डोक्यातच आलं नाही.

"डाव्या हातासाठी त्यानं फक्त डाव्या बाजूला उतार काढला होता. असं पातं कापताना उजवीकडे ओढतं. तुझी आई ते ओढणं सांभाळायला हात किंचित कलता धरायची. जन्मभराची सवय. आता धार दोन्हीकडे सारखी झाली. ओढणं गेलं, कलता हात तसाच राहिला. मग काप वरून जाड, खाली पातळ होणारच. आणि तुझ्या वहिनीच्या उजव्या हातात मात्र तीच सुरी आता झकास चालते."

मी तिथंच फुटपाथवर बसले. माणसं वळसा घालून जात होती. आईचा हात बिघडला नव्हता, डोकं बिघडलं नव्हतं. सुरी तीच होती आणि तिची नव्हती. मला आत्याची पापी घ्यावीशी वाटली, जी आमच्या घराण्यात कुणी कुणाची घेत नाही.

"चल, सांगूया सगळ्यांना!"

"थांब गं. आपण त्याला भलताच प्रश्न विचारला. सुरी तीच का, असं विचारलं. तो पठ्ठ्या काय म्हणाला? धार 'विचारून' सरळ केली." आत्या पुन्हा बाजाराच्या दिशेनं चालू लागली होती. "कुणाला विचारून?"

५

"फोन केला होता ना मी," धारवाला म्हणाला. "तुमच्या खानावळीच्या नंबरावर. अशी धार दिसली की मी विचारतो, घरात कुणी डावखुरं आहे का. पुरुषाचा आवाज होता. जरा वेळ गप्प होता, मग म्हणाला, 'नाही, आमच्याकडे डावखुरं कुणी नाही. सरळ करून टाका.'"

"कुणाचा आवाज?"

"मागं मिक्सर चालला होता हो, काय ओळखणार? पण मी बजावलं त्यांना, थर उतरवलाय, पातं आता उघडं आहे. कापलं की लगेच पुसायचं. लिंबाचा रस तर क्षणभर ठेवायचा नाही, डाग पडतो तो जात नाही. न्यायला बाई आल्या होत्या, पण त्या एवढ्या घाईत की माझं तोंड उघडायच्या आत पसार."

म्हणजे आमच्या दुकानातल्या एका पुरुषानं, आई तीन हातांवर उभी असताना, आमच्याकडे डावखुरं कुणी नाही असं सांगितलं. आणि नंतर आई ओरडून ओरडून सांगत होती तेव्हा तो तिथंच होता, तोंडाला कुलूप लावून.

"दादा," मी म्हणाले. माझा आवाज मलाच अनोळखी वाटला. "औषधवाल्याला जागा द्यायचीये. सही हवीये. दादाच."

"सुतावरून स्वर्ग गाठू नकोस," आत्या म्हणाली. "बाजारात लिंबू कुठं मिळेल?"

दुपारची गर्दी ओसरल्यावर आत्यानं सगळ्यांना मधल्या टेबलाशी बसवलं. आईला मी वरून घेऊन आले. ती मुकाट्यानं आली, हेच मला सहन होत नव्हतं. एरवी आत्यानं बोलावलं असतं तर तिनं आधी निदान दोन टोमणे मारले असते.

"धारवाल्याकडे जाऊन आलो," आत्या म्हणाली. "फोटो बघितले. सुरी तीच आहे."

दादानं डोळे मिटून सुस्कारा सोडला. वहिनीनं पदरानं कपाळ पुसलं. आईनं नुसती मान हलवली. "असेल," ती म्हणाली. "तुम्ही म्हणता तर असेल. माझ्याच लक्षात राहत नाही हल्ली."

मी ओरडणार होते. आत्यानं टेबलाखालून माझ्या पायावर पाय दिला, सगळा भार टाकून. मग सरबत करते म्हणत तिनं पिशवीतून लिंबू काढलं, आईच्या सुरीनं उभं चिरलं, ती ओली सुरी टेबलाच्या मधोमध ठेवली आणि सरबताचं काहीच न करता दुसरंच बोलायला लागली.

६

आत्या बोलत होती औषधवाल्याबद्दल. भाडेकरू चांगला आहे का, करार कसा करावा. दादा उत्साहानं उत्तरं देत होता. मध्येच त्यानं कोपरानं सुरी बाजूला सारली, बघितलंही नाही. वहिनी लिंबाच्या फोडीकडे बघत होती, वाया चाललंय म्हणून. आई स्वतःच्या हातांकडे बघत होती.

आणि चकचकीत पात्यावर, रस जिथं जिथं साचला होता तिथं, करड्या रंगाचा डाग हळूहळू उमटायला लागला होता.

मला एका जागी बसवेना. मी दादाचे हात बघत होते. दादाचे हात हवेत भिंती पाडत होते, कपाटं लावत होते. डाग गडद होत होता. धारवाल्यानं बजावलेलं ज्याच्या कानांवर पडलं असेल त्याला हे दिसत असणारच, आणि दादाला काही म्हणजे काही दिसत नव्हतं. लिंबू कापून सिंकमध्ये टाकणारा माणूस तो. माझ्या डोक्यात हे शिरायला जरा वेळच लागला.

तेवढ्यात एक हात पुढं आला. त्यानं खांद्यावरचा पंचा काढला, सुरी उचलली आणि पातं हलक्या हातानं पुसलं, टाचेपासून टोकापर्यंत, मग उलटून दुसऱ्या बाजूनं.

आत्या वाक्याच्या मध्येच थांबली.

"सुरीतलं तुला काय कळतं, बाळ्या?" ती म्हणाली.

मामाचा हात पात्यावरच राहिला.

"इथं ही सुरी आजवर कुणी पुसली नाही," आत्या म्हणाली. "तुझी बहीण धुवायची आणि खुंटीला लावायची. काळा थर होता, पोलादाला तेवढं पांघरूण पुरायचं. तो थर गेलाय आणि आता लिंबाचा रस लगेच पुसायचा, हे धारवाल्यानं एकाच माणसाला सांगितलं. फोनवर. त्याच माणसाला त्यानं विचारलं होतं, घरात कुणी डावखुरं आहे का."

दादा एकदा आत्याकडे, एकदा मामाकडे बघत राहिला. मग त्यानं आईच्या डाव्या हाताकडे बघितलं, आणि त्याचा चेहरा असा पडला की आधी त्याच्यावर घेतलेला संशय मला गिळावा लागला. आत्यानं मग बाबांच्या घासण्यापासून सगळं सांगितलं. ती बोलत होती तोवर मामानं मान वर केली नाही.

"माहीत होतं मला," तो शेवटी म्हणाला. "दाजी कसे घासायचे ते मी बघितलंय. फोन आला तेव्हा ताई समोरच होती, पाठ करून. एका पायावरचा भार दुसऱ्यावर घेत होती. सारखी. पाय असे सुजलेले. मी किती वेळा सांगितलं, बस, बस. ऐकते का? मला वाटलं, सुरी नाही जमली तर कंटाळेल, सोडून देईल. निदान खुर्चीवर बसेल. एवढंच. आईशप्पथ, एवढंच वाटलं."

"आणि ती म्हणायला लागली, सुरी चोरीला गेली, तेव्हा?" मी विचारलं.

"पहिल्या दिवशी हसलो. म्हटलं, उद्या सांगू. मग तिनं सूनबाईवर आळ घेतला, भांडण पेटलं. म्हटलं, जरा निवू दे. मग हा डॉक्टरांचं बोलायला लागला." मामानं सुरी टेबलावर ठेवली. "रोज सकाळी ठरवायचो, आज सांगतो. जितका उशीर होत गेला तितकं तोंड उघडायला जड होत गेलं."

वहिनी उठली आणि चुलीकडे तोंड करून उभी राहिली. तिचे खांदे हलत होते. चोरीचा आळ तिच्यावर होता, हे त्या गडबडीत आम्ही सगळेच विसरलो होतो. आई विसरली नव्हती. ती उठून वहिनीपाशी गेली आणि तिच्या पाठीवर हात ठेवला. "मी वाईट बोलले तुला," ती म्हणाली. वहिनीनं मान हलवली, पण वळली नाही.

मग आई मामाकडे वळली.

७

मला वाटलं होतं ती भडकेल. तिच्या नाकावर नेहमी राग असतो, आणि त्या दिवशी तो दिसावा म्हणून मी देव पाण्यात घातले असते. तिनं फक्त खुर्ची ओढली आणि मामाच्या समोर बसली.

"तुला मला बसवायचं होतं?"

"हो, ताई."

"बसले बघ." ती म्हणाली. "आता ऐक. ती सुरी हातात नीट चालेना तेव्हा पहिल्यांदा मला वाटलं, चोरी झाली. सगळे म्हणाले, नाही. तूही म्हणालास, ताई, तीच आहे. तू म्हणालास म्हणून मला खरं वाटलं, बाळ्या. या पोरांचं मी काही मनावर घेत नाही. मग मला वाटलं, सुरी विसरले, तर उद्या आणखी काय विसरेन? तेव्हापासून वर जाते आणि सगळ्यांची नावं म्हणून बघते. मुलांची, नातवंडांची, तुझं खरं नाव. रोज म्हणते. परवा तुझंच नाव चटकन आठवेना, तर मी पलंगावर बसून राहिले. उठवेनाच मला."

मामानं दोन्ही हातांनी तोंड झाकलं. तो लहान मुलासारखा रडत होता आणि आम्ही कुणी त्याला गप्प करायला पुढं झालो नाही. मला त्याची दया येत होती आणि त्याला हलवून हलवून ओरडावंसंही वाटत होतं.

"'बस' म्हणालास, मी ऐकलं नाही, खरं आहे," आई म्हणाली. "मग भांडायचं होतंस. वन्सं बघ, जन्मभर भांडल्या माझ्याशी, पण माझ्या डोक्यात किडा नाही सोडला कधी."

आत्यानं नजर चुकवून टेबलावरच्या लिंबाच्या बिया वेचायला घेतल्या. हे मी तरी प्रथमच बघत होते.

"सुरी उद्याच्या उद्या पहिल्यासारखी करून आणतो," दादा घाईघाईनं म्हणाला. त्यानं खिशातून मोबाइल काढला होता. "त्या धारवाल्याला सांगतो, डावीकडे उतार काढ. आणि औषधवाल्याला नाही म्हणून सांगतो. आणि थांब, आधी डॉक्टरांना फोन करतो. आज येत नाही म्हणून."

"राहू दे," आई म्हणाली.

"काय राहू दे?"

"डॉक्टरांचं. जाऊया."

"अगं पण आता कशाला?" मी म्हणाले. "सिद्ध झालं ना सगळं! तुझं काहीही चुकलेलं नव्हतं. तूच बरोबर होतीस, आई."

"तुम्हाला पटलं," ती म्हणाली. "मला कुठं पटलंय अजून?"

आत्यानं कोडं सोडवलं होतं, एकही धागा सुटा राहिला नव्हता, आणि त्याचा आईला उपयोग झाला नव्हता. आई जिन्याकडे गेली, चांगली साडी नेसून खाली आली, आरशात बघून तिनं केस नीट केले.

मामा दारात उभा होता. डोळे सुजलेले. "मी येऊ बरोबर?" त्यानं विचारलं. आत येताना परवानगी मागावी तसं.

"तूच ये," आई म्हणाली. "डॉक्टर विचारतील, विसरायला कधीपासून होतंय. ते तू सांग."

मामानं मान खाली घातली. दादानं दुकानाचं शटर ओढलं आणि आम्ही सगळे निघालो.